जोखमीच्या संशोधनाला राजाश्रय : अमेरिकेतील ‘आर्पा-ई’ या संस्थेची चिकित्सा

प्रस्तावना

शासनाने विज्ञान-संशोधनाला अर्थसाहाय्य करावे याविषयी आज फारसे दुमत उरलेले नाही. मतभेद आहेत ते कोणत्या संशोधनाला, किती काळ आणि कोणाच्या निर्णयाने साहाय्य करावे याविषयी. यशाची शक्यता दिसत असलेल्या प्रकल्पाला पैसा देणे कोणत्याही शासनव्यवस्थेला सोपे असते, कारण त्याचा हिशेब देता येतो. परंतु दहापैकी सात-आठ प्रयोग फसतील असे मनाशी धरूनच ज्या संशोधनाला हात घालावा लागतो, त्याला करदात्यांचा पैसा द्यायचा झाल्यास शासनव्यवस्थेच्या मूळ प्रवृत्तीलाच मुरड घालावी लागते. लेखापरीक्षण, वार्षिक अंदाजपत्रक, विधिमंडळातील प्रश्नोत्तरे ही लोकशाहीची सारी साधने अपयश हुडकून काढण्यासाठी निर्माण झालेली आहेत. अपयशाला वाव देण्यासाठी त्यांची रचना झालेली नाही.

या विसंगतीचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे अमेरिकेच्या ऊर्जा विभागांतर्गत स्थापन झालेली ‘ॲडव्हान्स्ड रिसर्च प्रोजेक्ट्स एजन्सी – एनर्जी’ अर्थात ‘आर्पा-ई’ ही संस्था होय. २००७ साली कायद्याने अस्तित्वात आलेल्या आणि २००९ साली प्रत्यक्ष कामास लागलेल्या या संस्थेविषयी दोन टोकांची मते आढळतात. एका पक्षाच्या मते ती अमेरिकी शासनाची सर्वांत यशस्वी वैज्ञानिक निर्मिती आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते ती शासनाने बाजारात केलेली अनाठायी लुडबुड आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही मतांची तपासणी करून, संस्थेच्या कार्यपद्धतीचे गुण, तिच्या मूळ कल्पनेतील उणीव आणि तिच्या मूल्यमापनाचे निकष यांची चिकित्सा केली आहे.

स्थापनेची पार्श्वभूमी

‘आर्पा-ई’ची कल्पना स्वयंभू नाही. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने ‘स्पुट्निक’ हा कृत्रिम उपग्रह अवकाशात सोडला आणि त्या धक्क्यातून १९५८ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्यात ‘आर्पा’ ही संस्था जन्मास आली. तिलाच पुढे ‘डार्पा’ हे नाव मिळाले. १९६९ साली या संस्थेच्या साहाय्याने सुरू झालेल्या ‘आर्पानेट’ या संगणक-जाळ्यातून पुढे इंटरनेटचा विकास झाला. मोजकी माणसे, थोडी कागदपत्रे, प्रकल्प व्यवस्थापकाला भरपूर अधिकार आणि अपयशाविषयी सहिष्णुता ही ‘डार्पा’ची वैशिष्ट्ये पुढे अभ्यासकांच्या कौतुकाचा विषय ठरली.

ऊर्जेच्या क्षेत्रात मात्र अमेरिकेचा अनुभव निराळा होता. १९७३ च्या तेलसंकटानंतर स्वावलंबनाच्या घोषणा झाल्या, १९७७ साली स्वतंत्र ऊर्जा विभाग स्थापन झाला, संशोधनावरील खर्च वाढला. १९८० साली कोळसा आणि शेल खडकांपासून कृत्रिम इंधन तयार करण्यासाठी ‘सिंथेटिक फ्युएल्स कॉर्पोरेशन’ हे महामंडळ काढण्यात आले. त्याच्या पहिल्या टप्प्यासाठीच सुमारे २० अब्ज डॉलरची तरतूद होती. पुढे तेलाचे भाव कोसळले आणि १९८६ साली हे महामंडळ गुंडाळावे लागले. एका महागड्या तंत्रावर सारी मदार ठेवण्याचा हा प्रकार ऊर्जा-धोरणाच्या प्रत्येक चर्चेत दाखला म्हणून दिला जाऊ लागला. तेल महागले की संशोधन आठवायचे आणि स्वस्त झाले की विसरायचे, हा क्रम त्यानंतरही चालूच राहिला.

या पार्श्वभूमीवर २००५ साली लामार अलेक्झांडर आणि जेफ बिंगामन या दोन सिनेटरांच्या विनंतीवरून अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी नॉर्मन ऑगस्टीन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. ‘रायझिंग अबव्ह द गॅदरिंग स्टॉर्म’ या नावाने गाजलेल्या तिच्या अहवालात ‘डार्पा’च्या धर्तीवर ऊर्जेसाठी संस्था स्थापावी, तिला पहिल्या वर्षी ३० कोटी डॉलर द्यावेत आणि पाच-सहा वर्षांत ही रक्कम १०० कोटी डॉलरपर्यंत न्यावी, अशी शिफारस होती. या समितीत पुढे ऊर्जामंत्री झालेले नोबेल-पुरस्कारप्राप्त भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन चू होते, तसेच एक्सॉनमोबिल या तेल-कंपनीचे प्रमुख ली रेमंड हेही होते. रेमंड यांनी या एका शिफारशीस असहमती नोंदवली. ऊर्जा-संशोधनाला शासन आणि खासगी क्षेत्र या दोहोंकडून पुरेसा पैसा मिळतोच आहे, आणि विजयी तंत्रज्ञान कोणते हे ठरवणे शासनाचे काम नव्हे, असा त्यांचा मुद्दा होता. तेल-कंपनीच्या प्रमुखाचे मत म्हणून तो झटकून टाकणे सोपे आहे. परंतु त्यातील दुसरा भाग तात्त्विक आहे आणि त्याला उत्तर देणे आवश्यक आहे.

ऑगस्ट २००७ मध्ये ‘अमेरिका कॉम्पीट्स’ कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांची स्वाक्षरी झाली आणि संस्था कागदावर आली. तत्कालीन प्रशासन तिला अनुकूल नव्हते. परिणामी तिला पैसा मिळाला नाही. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर मंजूर झालेल्या २००९ च्या आर्थिक पुनरुत्थान कायद्यातून तिला ४० कोटी डॉलर मिळाले आणि एप्रिल २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी तिच्या प्रारंभाची घोषणा केली. पहिले संचालक म्हणून अरुण मजुमदार यांची नियुक्ती झाली. कोलकात्यात जन्मलेले मजुमदार हे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे १९८५ सालचे यंत्र अभियांत्रिकीचे पदवीधर होत.

कार्यपद्धती आणि तिचे गुण

पहिल्याच आवाहनाला सुमारे ३,७०० प्राथमिक प्रस्ताव आले. त्यांतून ऑक्टोबर २००९ मध्ये ३७ प्रकल्प निवडले गेले आणि त्यांना मिळून १५.१ कोटी डॉलर देण्यात आले. शंभरांतून एक अशी ही निवड होती. या आकड्यांकडे केवळ कठोर निवडीचा पुरावा म्हणून पाहू नये. विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि लहान कंपन्या यांच्याकडे कल्पनांचा केवढा साठा दाद न मिळता पडून होता, हेही त्यावरून कळते. रेमंड यांच्या पहिल्या मुद्द्याचे खंडन या एका घटनेने बऱ्याच अंशी होते.

संस्थेची खरी मौलिकता पैशाच्या रकमेत नसून निर्णयाच्या रीतीत आहे. पारंपरिक शासकीय अनुदान-पद्धतीत प्रस्ताव तज्ज्ञांकडे जातात, तज्ज्ञ गुण देतात, गुणांची सरासरी काढली जाते आणि वरच्या क्रमांकाचे प्रस्ताव मंजूर होतात. ही पद्धत न्याय्य वाटते; पण तिच्यात एक दोष दडलेला आहे. एका तज्ज्ञाला अफलातून आणि दुसऱ्याला अशक्य वाटणारी कल्पना सरासरीत मागे पडते. कोणालाच न खटकणारी आणि कोणालाच न भारावणारी कल्पना पुढे जाते. ‘आर्पा-ई’त अंतिम शिफारस कार्यक्रम-संचालक करतो. तज्ज्ञांची मते तो घेतो, पण त्यांना बांधील नसतो. संस्थेच्या निवडीचा अभ्यास करणाऱ्या ॲना गोल्डस्टीन आणि मायकेल कर्नी या संशोधकांना असे आढळले की, तज्ज्ञांमध्ये मतभेद असलेल्या प्रस्तावांनाही येथे संधी मिळते आणि संचालकाचा विवेक हा निवडीतील निर्णायक घटक असतो.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे प्रकल्पाचा पाठपुरावा. अनुदान देऊन तीन वर्षांनी अहवाल मागवण्याऐवजी येथे ठराविक टप्पे आणि त्या-त्या टप्प्यावरील तांत्रिक उद्दिष्टे आधीच लिहून घेतली जातात. उद्दिष्ट गाठता येत नसेल तर ते बदलले जाते, निधी कमी-अधिक केला जातो किंवा प्रकल्प थांबवला जातो. तिसरे वैशिष्ट्य म्हणजे संचालकांची अल्प मुदत. सुमारे तीन वर्षांसाठी आलेला शास्त्रज्ञ किंवा अभियंता खुर्ची सांभाळण्यासाठी काम करत नाही आणि स्वतःच्या जुन्या निर्णयांचे समर्थन करण्यात त्याचे आयुष्यही जात नाही. नव्या माणसाबरोबर नवा विषय येतो. वाहनांच्या बॅटऱ्या, विद्युत-जाळ्यातील साठवण, शक्ति-इलेक्ट्रॉनिकी, कमी खर्चाचे अणुसंमीलन, इतकेच नव्हे तर जैवइंधनासाठी ज्वारीच्या वाणांची जलद पारख असे परस्परांपासून दूरचे विषय एका छोट्या संस्थेला हाताळता आले, ते यामुळेच.

शासकीय चौकटीत राहून सरासरीच्या जुलमातून निर्णय मुक्त करणे आणि चूक लक्षात येताच हात आखडता घेणे, या दोन गोष्टी ‘आर्पा-ई’ने साध्य करून दाखवल्या. विजयी तंत्रज्ञान शासनाने ठरवू नये, या रेमंड यांच्या दुसऱ्या मुद्द्याला येथे उत्तर सापडते. ‘सिंथेटिक फ्युएल्स कॉर्पोरेशन’ने एक विजेता ठरवून त्यावर अब्जावधी डॉलर लावण्याचा घाट घातला होता. ‘आर्पा-ई’ अनेक स्पर्धकांना थोडे-थोडे देते आणि विजेता कोण हे स्वतः जाहीर करत नाही. पुष्कळदा या दोन्हींत गल्लत केली जाते. सप्टेंबर २०११ मध्ये ‘सोलिंड्रा’ या सौर-कंपनीने दिवाळे काढले तेव्हा ऊर्जा विभागाच्या साऱ्याच उपक्रमांवर टीकेची झोड उठली. परंतु ‘सोलिंड्रा’ला मिळालेली ५३.५ कोटी डॉलरची हमी ही कारखाना उभारण्याच्या कर्जाची होती आणि ती निराळ्या योजनेतील होती. एका कंपनीच्या कर्जाला दिलेली ही हमी ‘आर्पा-ई’च्या पहिल्या ३७ प्रकल्पांच्या एकत्रित अनुदानाच्या साडेतीन पट होती. प्रयोगाची जोखीम आणि कारखान्याची जोखीम यांतील हा फरक या वादात बहुधा कोणी लक्षात घेतला नाही.

मूळ कल्पनेतील उणीव

कार्यपद्धती उसनी घेता येते, परिस्थिती उसनी घेता येत नाही. ‘डार्पा’च्या यशाचे श्रेय तिच्या अंतर्गत रचनेला देताना एका बाह्य घटकाचे विस्मरण होते. ‘डार्पा’च्या पाठीशी संरक्षण खाते हा हुकमी ग्राहक उभा असतो. नवे रडार, नवे विमान किंवा नवी दळणवळण-यंत्रणा पहिल्यांदा महागच असते. पण शत्रूवर कुरघोडी करण्यासाठी लष्कर ती किंमत मोजते. त्या पहिल्या खरेदीतून उत्पादन वाढते, किंमत उतरते आणि पुढे नागरी बाजारही खुला होतो.

ऊर्जेच्या क्षेत्रात असा ग्राहक नाही. नव्या तंत्राने निर्माण केलेली वीज आणि चाळीस वर्षांच्या जुन्या संचातून आलेली वीज यांत दिवा लावणाऱ्याला काडीचाही फरक जाणवत नाही. नवा मोबाइल जुन्यापेक्षा वेगळे काही देतो म्हणून तो महाग असूनही खपतो. नव्या विजेला हे भाग्य नाही. तिला पहिल्या दिवसापासून जुन्या, कर्ज फिटलेल्या, पायाभूत सुविधांनी वेढलेल्या विजेशी केवळ किमतीवर स्पर्धा करावी लागते. वीज-कंपन्या नियामक आयोगांच्या देखरेखीखाली असतात आणि पुरवठा खंडित होणे हा त्यांच्या लेखी मोठा गुन्हा असतो. अशा ग्राहकाने प्रयोगशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या वस्तूचा पहिला खरेदीदार व्हावे, ही अपेक्षाच अवाजवी ठरते.

संस्थेच्या काही गाजलेल्या प्रकल्पांची वाटचाल या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील डोनाल्ड सॅडोवे यांच्या द्रवधातू-बॅटरीला २००९ साली सुमारे ७० लाख डॉलर मिळाले. त्या संशोधनातून ‘ॲम्ब्री’ ही कंपनी निघाली. बॅटरीचे तत्त्व चुकीचे ठरले नाही. तथापि याच काळात लिथियम-आयन बॅटऱ्यांचे भाव इतके उतरले की, नव्या बॅटरीसाठी बाजारात जागा शोधणे अवघड झाले. मे २०२४ मध्ये ‘ॲम्ब्री’ने दिवाळखोरीचा अर्ज केला. ‘१३६६ टेक्नॉलॉजीज’ या कंपनीला सिलिकॉनची चकती ठोकळ्यातून न कापता थेट द्रवातून बनवण्याच्या तंत्रासाठी ४० लाख डॉलर मिळाले होते. कापताना होणारी सिलिकॉनची नासाडी टाळण्याची ही कल्पना चातुर्याची होती. परंतु चीनमधील कारखान्यांनी जुन्याच पद्धतीची चकती प्रचंड प्रमाणावर तयार करून तिची किंमत पाडली. २०२१ साली ही कंपनी विलीनीकरणातून ‘क्युबिकपीव्ही’ झाली आणि २०२४ च्या आरंभी तिने अमेरिकेत चकत्यांचा मोठा कारखाना काढण्याचा बेत रद्द केला. उंच हवेत दोरीला बांधलेल्या विमानासारख्या पात्याने वीज निर्माण करणाऱ्या ‘मकानी’ला २०१० साली ३० लाख डॉलर मिळाले, २०१३ मध्ये गूगलने ती विकत घेतली आणि २०२० मध्ये ‘मकानी’चे काम थांबवण्यात आले.

दुसऱ्या बाजूचे उदाहरणही नोंदवले पाहिजे. गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकापासून शक्ति-इलेक्ट्रॉनिकीचे घटक बनवणाऱ्या ‘ट्रान्सफॉर्म’ या कंपनीला संस्थेच्या आरंभीच्या वर्षांत साहाय्य मिळाले होते. तिचे घटक बाजारात आले आणि २०२४ मध्ये जपानच्या रेनेसास या कंपनीने ती विकत घेतली. येथे यश का मिळाले याचे उत्तर वरील विवेचनातच आहे. या घटकांमुळे विद्युत-उपकरण लहान होते आणि त्यात वीज कमी वाया जाते. म्हणजे ग्राहकाला जुन्यापेक्षा वेगळे काहीतरी मिळते. केवळ किमतीवर लढावे लागणारे तंत्र आणि गुणावर लढू शकणारे तंत्र यांतील हा भेद ‘आर्पा-ई’च्या मूळ संकल्पनेत पुरेशा स्पष्टपणे मांडला गेला नव्हता.

झेप की चाल?

संस्थेच्या घोषवाक्यांत ‘परिवर्तनकारी’ हे विशेषण वारंवार येते. छोट्या सुधारणा खासगी उद्योग करतील, शासनाने झेप घ्यावी, असा त्यामागील विचार आहे. तो आकर्षक असला तरी गेल्या पंधरा-वीस वर्षांचा ऊर्जेचा इतिहास त्याला पूर्णतः दुजोरा देत नाही. या काळात जगाची ऊर्जाव्यवस्था बदलणारी दोन प्रमुख तंत्रे म्हणजे सिलिकॉनचे सौरघट आणि लिथियम-आयन बॅटरी. सिलिकॉनचा व्यवहार्य सौरघट १९५४ साली बेल प्रयोगशाळेत तयार झाला. लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ साली बाजारात आणली. तिच्या मूळ संशोधनाला २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. म्हणजे २००९ साली ‘आर्पा-ई’ सुरू झाली तेव्हा ही दोन्ही तंत्रे जुनीच होती. त्यांचा कायापालट केला तो जर्मनीच्या २००० सालच्या कायद्याने निर्माण केलेल्या खात्रीच्या मागणीने, चीनच्या अजस्र उत्पादनक्षमतेने आणि प्रत्येक वर्षी होत गेलेल्या लहानसहान सुधारणांनी.

यावरून जोखमीचे संशोधन निरर्थक आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. १९५४ चा सौरघट हीही आपल्या काळातील झेपच होती. परंतु झेप आणि तिचे सामाजिक फळ यांच्यामध्ये अर्धशतकाचे अंतर पडते, आणि ते अंतर संशोधनाच्या अनुदानाने भरून निघत नाही. त्यासाठी मागणी निर्माण करणारे धोरण लागते. ‘आर्पा-ई’ने २०१९ च्या अखेरीस ‘स्केलअप’ नावाचा कार्यक्रम काढून आपल्याच यशस्वी प्रकल्पांना मोठ्या आकाराच्या चाचणीसाठी साहाय्य देण्यास सुरुवात केली. ही उणीव संस्थेच्याही ध्यानात आली होती, असे त्यावरून म्हणता येईल. मात्र या उपायाने दुसरा प्रश्न उभा राहतो. मर्यादित निधीतून मोठ्या चाचण्या करायच्या तर नव्या, अपरिचित कल्पनांच्या वाट्याचा पैसा कमी होतो. संस्थेने स्वतःचे मूळ काम सोडून बाजाराच्या उणिवा भरत बसावे का, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

मूल्यमापनाचे संकट

‘आर्पा-ई’ यशस्वी झाली का, या प्रश्नाचे उत्तर निकषावर अवलंबून आहे. काँग्रेसच्या आदेशावरून राष्ट्रीय अकादमींनी प्रदीप खोसला यांच्या अध्यक्षतेखालील समितीकरवी केलेले मूल्यमापन २०१७ साली प्रसिद्ध झाले. संस्था अपयशी ठरत नाही आणि तिला मुळापासून सुधारण्याची गरज नाही, असा त्याचा निर्वाळा होता. त्याचबरोबर ऊर्जाक्षेत्रातील परिवर्तन दिसण्यास याहून बराच अधिक काळ लागेल, असेही त्यात स्पष्ट केले होते. २०२० साली ‘नेचर एनर्जी’ या नियतकालिकात ॲना गोल्डस्टीन, क्लॉडिया डॉब्लिंगर, एरिन बेकर आणि लॉरा डियाझ अनाडॉन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. संस्थेचे साहाय्य मिळालेल्या नवोदित कंपन्यांनी तशाच अन्य कंपन्यांच्या सुमारे दुप्पट वेगाने पेटंटे मिळवली. परंतु भांडवल उभारणी किंवा कंपनीची विक्री यांसारख्या व्यावसायिक कसोट्यांवर त्यांना स्पष्ट आघाडी मिळाल्याचे दिसले नाही. हा निष्कर्ष वरील विवेचनाशी जुळणारा आहे. ज्ञाननिर्मितीपर्यंत संस्थेची पद्धत काम करते. त्यापुढे तिचा हात पोहोचत नाही.

असे असूनही संस्था स्वतःच्या यशाचा दाखला म्हणून जो आकडा ठळकपणे पुढे करते तो असतो प्रकल्पांनी नंतर मिळवलेल्या खासगी गुंतवणुकीचा. यामागील अगतिकता समजण्यासारखी आहे. अंदाजपत्रक दरवर्षी मंजूर करून घ्यावे लागते आणि लोकप्रतिनिधींना कळेल असा आकडा द्यावा लागतो. पण हा निकष संस्थेच्या हेतूशीच विसंगत आहे. खासगी गुंतवणूकदार जिकडे जाण्यास तयार नाही तिकडे जाण्यासाठी जी संस्था स्थापन झाली, तिने आपले यश खासगी गुंतवणूकदाराच्या पसंतीने मोजावे, हा विरोधाभास आहे. असा निकष रूढ झाला की कार्यक्रम-संचालकाची नजर नकळत सुरक्षित प्रस्तावाकडे वळते. जोखीम हा शब्द तसाच राहतो आणि जोखीम मात्र हळूहळू नाहीशी होते. या संस्थेला असलेला हा धोका विरोधकांच्या टीकेपेक्षाही गंभीर आहे, कारण तो बाहेरून येत नाही.

बाहेरचा धोकाही अर्थात खराच आहे. २०१८ च्या अंदाजपत्रकात डोनाल्ड ट्रम्प प्रशासनाने संस्था बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. त्याच वर्षी, २०१७ मध्ये, मंजूर झालेला ९.१ कोटी डॉलरचा निधी रोखून धरणे कायद्याविरुद्ध असल्याचा निर्णय शासनाच्या लेखा-उत्तरदायित्व कार्यालयाने डिसेंबर महिन्यात दिला. काँग्रेसने प्रस्ताव तर फेटाळलाच, शिवाय २०१७ ची ३०.६ कोटी डॉलरची तरतूद २०१८ साठी ३५.३ कोटी केली. दोन्ही पक्षांच्या सभासदांनी संस्थेची पाठराखण केली, हे लोकशाहीच्या दृष्टीने आश्वासक होय. पुढे तरतूद वाढत गेली आणि २०२४ साठी ती ४६ कोटी डॉलर होती. २०२६ च्या आर्थिक वर्षासाठी मात्र प्रशासनाने ती २० कोटींवर आणण्याचा प्रस्ताव मांडला. २००५ च्या अहवालातील १०० कोटींचे उद्दिष्ट कधीच गाठले गेले नाही. ज्या संशोधनाचे फळ वीस-तीस वर्षांनी यायचे, त्याचे भवितव्य दर बारा महिन्यांनी टांगणीला लागते, हे या साऱ्या व्यवहाराचे सार आहे.

भारतीय संदर्भ

‘आर्पा’च्या नमुन्याचे अनुकरण अन्यत्रही झाले आहे. जर्मनीने २०१९ साली ‘स्प्रिंड’ ही संस्था काढली. ब्रिटनमध्ये २०२२ च्या कायद्यान्वये ‘एरिया’ स्थापन झाली आणि तिच्यासाठी आरंभी ८० कोटी पौंडांची तरतूद करण्यात आली. भारतातही या दिशेने विचार सुरू आहे, आणि म्हणूनच ‘आर्पा-ई’चा अनुभव येथील विद्यापीठे व महाविद्यालयांतील संशोधकांना परका नाही.

भारताचा पूर्वानुभव उद्बोधक आहे. २०१०-११ च्या अंदाजपत्रकात कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसवून स्वच्छ ऊर्जेच्या संशोधनासाठी व प्रकल्पांसाठी राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभारण्यात आला. पुढे उपकर टनामागे ४०० रुपयांपर्यंत वाढला. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात त्यातून सुमारे ८६,४४० कोटी रुपये जमा झाले. त्यांपैकी सुमारे २९,६४५ कोटी या निधीकडे वर्ग झाले आणि प्रकल्पांवर सुमारे १५,९११ कोटी लागले. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर हा उपकर राज्यांच्या भरपाईकडे वळवण्यात आला. येथे पैशाचा अभाव नव्हता. अभाव होता तो कोणते संशोधन हाती घ्यावे हे ठरवणाऱ्या, त्यासाठी अधिकार असलेल्या आणि त्याचे उत्तरदायित्व स्वीकारणाऱ्या यंत्रणेचा. अमेरिकेत संस्था होती आणि पैशासाठी तिला झगडावे लागले. भारतात पैसा होता आणि त्याला संस्था मिळाली नाही.

२०२३ च्या कायद्याने स्थापन झालेले ‘अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान’ आणि जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेली १ लाख कोटी रुपयांची ‘संशोधन, विकास आणि नवोपक्रम’ योजना यांनी ही उणीव काही अंशी दूर होण्याची आशा निर्माण केली आहे. ऊर्जा हे या योजनेतील एक प्रमुख क्षेत्र आहे. परंतु तिचा भर दीर्घ मुदतीच्या, अल्प वा शून्य व्याजाच्या कर्जावर आणि भागभांडवलावर असून, तंत्रज्ञानाच्या सिद्धतेची चौथी पायरी गाठलेल्या प्रकल्पांनाच ती लागू होते. कर्ज फेडायचे असते. म्हणून कर्ज घेणारा सहसा फसण्याची दाट शक्यता असलेल्या प्रयोगाला हात घालत नाही. मूलभूत संशोधनाचे अनुदान एका टोकाला आणि सिद्ध होत आलेल्या तंत्राचे कर्ज दुसऱ्या टोकाला, अशी व्यवस्था झाल्यास मधली जागा रिकामी राहते. ‘आर्पा-ई’ नेमकी त्या जागेसाठी होती.

समारोप

‘आर्पा-ई’विषयीच्या दोन्ही टोकांच्या मतांत सत्याचा अंश आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. शासनाला जोखमीचे संशोधन हाताळता येत नाही, हा आक्षेप तिच्या कार्यपद्धतीने खोडून काढला. सरासरीपेक्षा विवेकाला महत्त्व, थोडक्या निधीत पुष्कळ प्रयोग, आणि चुकलेला प्रयोग वेळीच थांबवण्याची तयारी या तिच्या देणग्या कोणत्याही देशाला घेण्यासारख्या आहेत. अशी संस्था एकटीच ऊर्जाक्रांती घडवील, हा समर्थकांचा विश्वास मात्र टिकत नाही. खात्रीची मागणी, नियामकांचे सहकार्य आणि उत्पादनाची क्षमता यांच्याविना प्रयोगशाळेतील यश कारखान्याच्या दारात थांबते.

यावरून दोन सूचना करता येतील. पहिली, अशा संस्थेचे मूल्यमापन एकेका प्रकल्पाच्या यशापयशावरून किंवा नंतरच्या खासगी गुंतवणुकीवरून न करता समग्र प्रकल्पसमूहातून निष्पन्न झालेले ज्ञान, थांबवलेल्या प्रकल्पांपासून मिळालेला आणि जाहीर केलेला बोध, आणि नव्याने खुल्या झालेल्या दिशा यांवरून करावे. ज्या वर्षी एकही प्रकल्प फसला नाही त्या वर्षी संस्थेला जाब विचारला जावा. कारण त्याचा अर्थ तिने जोखीम घेणे सोडले असा होतो. दुसरी, तिची तरतूद किमान पाच ते दहा वर्षांसाठी निश्चित असावी आणि तिच्या जोडीला शासनाच्या अन्य खात्यांनी पहिल्या ग्राहकाची भूमिका पत्करावी. रेल्वे, संरक्षण आणि सार्वजनिक वीज-कंपन्या यांच्या खरेदीची व्याप्ती पाहता भारतात ही दुसरी सूचना अमेरिकेपेक्षा अधिक सुकर ठरण्याजोगी आहे.

अपयशाचा हिशेब मागणे हा नागरिकांचा हक्क आहे आणि तो अबाधित राहिलाच पाहिजे. पण प्रामाणिक प्रयोगाचे अपयश आणि कामातील हलगर्जी यांत फरक करता आला नाही, तर असा हिशेब मागणाऱ्या समाजाला केवळ खात्रीची आणि म्हणून क्षुल्लक उत्तरे मिळत राहतील. हा फरक करण्याची सवय लावणे हे ‘आर्पा-ई’सारख्या संस्थांचे, आणि त्यांचा अभ्यास करणाऱ्या अध्यापकवर्गाचेही, खरे काम होय.